काळी, पांढरी आणि कारागीर

महाराष्ट्रांतील खेड्याचे दोन भाग पूर्वापार मानलेले आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि पांढरी म्हणजे वस्तीची. ही वाटणी केवळ महसुलाच्या सोयीची नव्हे. एकाच जागीं मातीचीं घरें उभीं राहावीं, पडावींत, आणि त्यांच्याच मातींतून पुन्हां उभीं राहावींत, असें शतकानुशतकें चाललें म्हणजे चुलींची राख, शेण, भुसा आणि जुन्या भिंतींचा चुरा मिसळून त्या जागेची माती फिकट होते. माळवदावर घालावयास आणि भिंती लिंपावयास हीच माती लोक पसंत करीत. सारांश, आपल्या पूर्वजांचें घर पडलें तरी वायां जात नसे. तें पुढच्या घराचें बीज होत असे.

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागांत, आळेफाट्याच्या बाजूस, राजुरी हें गांव आहे. गेल्या उन्हाळ्यांत तेथील एक जुनें घर उतरविलें जात असतां पाहण्याचा मला योग आला. पायथ्याशीं काळा दगड, त्यावर भेंड्यांची दोन हात रुंदीची भिंत, आंत तळखड्यांवर उभे केलेले सागवानी खांब, खांबांवर तुळया, आणि भिंतींत जागोजाग देवळ्या व कोनाडे. लांकूड बाजूला रचून ठेवलें होतें, कारण त्याला भाव येतो. माती मात्र ट्रॉलींत भरून गांवाबाहेरच्या खड्ड्यांत चालली होती. एक वृद्ध गवंडी ओट्यावर बसून हें पाहत होते. मीं विचारल्यावर ते म्हणाले, "ह्या भिंतीला उन्हाळा ठाऊक नव्हता, सर." मग पाडतां कशाला, असें विचारतांच ते हंसले. "पोरांना नको आहे. आणि सारवायला आतां घरांत आहे कोण?"

त्या दोन वाक्यांत एका मोठ्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू येऊन गेल्या असें मला वाटतें. निसर्गाशीं मिळतें घेणारीं, टिकाऊ आणि स्वस्त घरें बांधावीं, असें आज सर्व जगांत बोललें जात आहे. सिमेंटच्या उत्पादनापासून जगाच्या एकंदर कर्बवायूपैकीं सुमारें ७ ते ८ टक्के वायु हवेंत जातो, हें आतां सिद्ध झालेलें आहे. ह्या चर्चेंत शास्त्रज्ञ आणि इंजिनियर असतात. कलावंताला फार तर शेवटीं, भिंत रंगविण्यास बोलावितात. हा क्रम आपल्या देशांत नेहमींच असा होता काय, हें पाहण्याकरितां राजुरीहून फार दूर जावें लागत नाहीं. पश्चिमेकडे जुन्नर आहे, आणि जुन्नरच्या सभोंवारच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं आहेत.

हीं लेणीं पाहून बहुतेक सुशिक्षित प्रवाशांची निराशा होते. अजिंठ्याचे रंग येथें नाहींत आणि वेरुळच्या मूर्तीही नाहींत. इसवी सनापूर्वीं सुमारें दोन शतकें आणि नंतर सुमारें तीन शतकें एवढ्या काळांत तीं कोरलीं गेलीं. खांबांच्या माथ्यावरचे प्राणी आणि एखाददुसरी गजलक्ष्मी सोडली, तर मूर्तिकाम येथें जवळ जवळ नाहींच. परंतु ह्याच कारणामुळें आपल्या प्रश्नास जुन्नरइतका चांगला साक्षीदार दुसरा नाहीं. येथील कलावंतानें आपली सारी कला एकाच गोष्टींत घातली आहे. ती म्हणजे घर.

लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यांत, म्हणजे गिरिजात्मजाच्या शेजारच्या चैत्यगृहांत, छताकडे पाहावें. कमानदार छताला दगडाच्याच फासळ्या कोरलेल्या आहेत. ह्या फासळ्या कांहीं तोलून धरीत नाहींत. डोंगर स्वतःच छत आहे. त्याला आधाराची गरज काय? मग कारागिरानें एवढे श्रम कां घेतले? उत्तर असें कीं, ज्या घरांत तो वाढला, जीं सभागृहें त्याच्या बापानें व आज्यानें बांधलीं, त्यांचीं छतें वांकविलेल्या लांकडाच्या फासळ्यांवर उभीं असत. घर म्हटलें कीं त्याच्या डोळ्यांपुढें तेंच येई. दर्शनी भागावर जी जाळीदार वेदिका कोरलेली असते, ती मुळांत लांकडी कुंपणाची आकृति. कमानीखालीं ओळीनें डोकावणारे चौकोन हीं तुळयांचीं टोकें.

तुळजा लेण्यांत तर हें अधिकच स्पष्ट होतें. तेथील चैत्यगृह चक्क वाटोळें आहे. मध्यें स्तूप, त्याभोंवतीं बारा साधे अठपैलू खांब, आणि वर घुमट. हा घुमट म्हणजे गोल झोंपडीचें छप्पर होय, हें सांगावयास पुरातत्त्वज्ञ नको. रानांत राखणीची खोप पाहिलेला कोणताही शेतकरी तें ओळखील. बिहारांतील बराबरच्या डोंगरांत, मौर्यांच्या काळीं कोरलेल्या गुहेच्या दारावर लांकूड व बांबू ह्यांच्या झोंपडीची अशीच हुबेहुब नक्कल आहे. भाजें येथील चैत्यगृहांतील खांब आंतल्या बाजूस कललेले आहेत. लांकडी खांबांना छताचा रेटा सोसण्यासाठीं तो कल द्यावा लागे, दगडाला त्याची जरूर नव्हती. फर्ग्युसननें गेल्याच्या मागील शतकांत ह्याच कलावरून हीं लेणीं लांकडी बांधकामाच्या अगदीं निकटचीं आहेत असें अनुमान बांधलें. भाजें व कार्लें येथें तर छताला खऱ्या लांकडाच्या फासळ्या बसविलेल्या असून त्यांतील कित्येक अद्याप जागेवर आहेत.

ग्रीक देवळांविषयींही असेंच सांगतात. दगडी देवळाच्या पट्टीवरचे कांहीं अलंकार म्हणजे मूळच्या लांकडी तुळयांचीं टोकें होत, असें रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हिअस ह्यानें लिहून ठेविलें आहे. तेव्हां ही स्मृति केवळ आपलीच नव्हे. पण आपल्याकडे ती फार मोलाची आहे, कारण मूळचीं लांकडी घरें सर्व नष्ट झालीं. माती मातीला मिळाली आणि लांकूड वाळवीनें खाल्लें. तीं घरें कशीं होतीं हें आज आपणांस कळतें तें केवळ एका कारागिरानें तीं दगडांत लिहून ठेविलीं म्हणून.

हा कारागीर कोण होता? सुदैवानें त्याचीं कांहीं नांवें उरलीं आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहांत धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा पुत्र, ह्यानें द्वार केल्याचा लेख आहे. आणि त्याचा धंदा दिला आहे 'वढकी', म्हणजे सुतार. डोंगर कोरणाऱ्यांत सुताराचें नांव यावें, हें वरील सर्व विवेचनाचें प्रत्यक्ष प्रमाणच म्हणावयाचें. पितळखोऱ्यास एका यक्षमूर्तीवर ती कण्हदास नांवाच्या सोनारानें केल्याचें लिहिलें आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांचा लेख आहे. सुतार, सोनार, दंतकार! ज्याला आपण आज 'आर्किटेक्ट' म्हणतों तो वेगळा मनुष्य ह्या यादींत नाहीं, आणि ज्याला 'आर्टिस्ट' म्हणतों तोही वेगळा नाहीं. सुतार हा शब्दच पाहा. तो सूत्रधारापासून आला. ज्याच्या हातांत मापाचें सूत, तो सुतार. म्हणजे योजना करणारा आणि घडविणारा हात एकच.

जुन्नरच्या शिलालेखांत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे कलेच्या अभ्यासकांचें लक्ष सहसा जात नाहीं. चैत्यगृह देणारा कल्याणचा हेरणिकपुत्र सुलसदत्त, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, पाण्याचीं टाकीं खोदविणारा इरिल नांवाचा यवन, ह्यांचीं दानें प्रसिद्धच आहेत. परंतु एका लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे दानाचा पैसा गुंतविल्याचा उल्लेख आहे. आणि दुसऱ्यांत आदुथुम नांवाच्या शकानें करंजाचीं आणि वडाचीं झाडें लावण्यासाठीं शेतांचें उत्पन्न लावून दिल्याचें नमूद आहे. लेण्यांची व्यवस्था लावणाऱ्या त्या समाजानें पाण्याची, झाडांची आणि बुरुडाच्या धंद्याची व्यवस्था एकाच वहींत मांडली होती. आज आपण 'पर्यावरण' हा शब्द उच्चारून जें एकत्र आणूं पाहतों, तें तेव्हां वेगळें झालेलेंच नव्हतें.

ही एकता महाराष्ट्रांत पुष्कळ काळ टिकली. देशावरचा वाडा हें तिचेंच रूप. खणाच्या मापानें आंखणी, चुन्याच्या घाणीवर बैलाकडून मळलेला चुना, उन्हाळा बाहेर ठेवणारी जाड भिंत आणि पाऊस आंत घेऊन निचरणारा चौक. मातीची जाड भिंत दिवसाची उष्णता हळूं हळूं शोषते आणि ती आंत पोंचेपर्यंत रात्र झालेली असते. हेंच त्या गवंड्याच्या वाक्याचें शास्त्र. चुन्याचा गिलावा भिंतींतील ओल बाहेर जाऊं देतो. त्याच भिंतीवर सिमेंटचा थर दिला कीं ओल आंत कोंडते आणि भिंत आंतून फुगते. मग लोक मातीला दोष देतात! हें सर्व ज्ञान कोणत्याही पोथींत नव्हतें. तें हातांत होतें, आणि त्याच हातानें खांबाच्या हस्तावर कमळ कोरलें जाई.

ताटातूट झाली ती इंग्रजी अमदानींत. बांधकामखात्याचा नकाशा कचेरींत तयार होऊं लागला आणि कारागीर मजूर बनला. १८५७ मध्यें मुंबईस जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या देणगीनें कलाशाळा निघाली. १८६५ मध्यें लॉकवुड किपलिंग तेथें शिल्प शिकविण्यास आला. क्रॉफर्ड मार्केटावरील त्याचें कोरीव काम आणि पुढें बोरीबंदरच्या स्टेशनावर शाळेच्या विद्यार्थ्यांनीं केलेलें काम उत्तम आहे, ह्यांत संशय नाहीं. परंतु आराखडा दुसऱ्याचा, आणि कलावंताच्या वांट्यास आली ती नक्षी. घर कोणत्या मातीचें, त्यांत वारा कोठून येणार, हें विचारण्याचा त्याचा हक्क संपला होता.

आश्चर्य असें कीं, ज्या देशानें ही ताटातूट घडविली त्याच देशांत तिच्याविरुद्ध पहिली मोठी ओरड झाली. रस्किननें मध्ययुगीन गॉथिक इमारतींचा गौरव केला तो मुख्यतः त्या बांधणाऱ्या कारागिराच्या स्वातंत्र्यासाठीं. विल्यम मॉरिसनें त्याचें शिष्यत्व पत्करून हातकामाचा पुरस्कार केला. आपल्याकडे आनंद कुमारस्वामींनीं १९०९ मध्यें हिंदी कारागिरावर लिहिलेल्या पुस्तकांत तोच धागा पुढें नेला. आणि १९०४ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत आगगाडीच्या प्रवासांत रस्किनचें पुस्तक वाचून ज्यांचें जीवन पालटलें, त्या गांधीजींनीं हा विचार अखेर महाराष्ट्राच्या मातींत आणला.

१९३६ च्या डिसेंबरांत खानदेशांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल, स्वागताचा भार शंकरराव देवांवर, आणि गांवोगांव हिंडून लोक गोळा करणाऱ्यांत साने गुरुजी. ह्या सर्व नगराची रचना गांधीजींनीं सोंपविली ती इंजिनियरच्या आधीं एका चित्रकारावर, शांतिनिकेतनाच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बसू ह्यांच्यावर. अट एकच : साहित्य गांवचें आणि हात गांवचे. आपण चित्रकार, बांधकामाचा आपणांस काय अनुभव, अशी शंका बसूंनीं काढली होती. पण बांबू, चटया, तट्टे, गवत ह्यांतून त्यांनीं मंडप आणि दरवाजे उभे केले. बाहेरचा दिखाऊ मालमसाला त्यांत आणला नाहीं. सुंदर तें महागच असलें पाहिजे, ही शहरी समजूत लाखों खेडुतांच्या डोळ्यांदेखत तेथें खोटी ठरली.

नंदबाबूंना हें सुचलें तें आकस्मिक नव्हे. आदल्याच वर्षीं शांतिनिकेतनांत रवींद्रनाथांसाठीं 'श्यामली' नांवाचें घर बांधलें गेलें होतें. भिंती मातीच्या आणि छतही मातीचेंच. त्याची योजना सुरेंद्रनाथ कर ह्यांची. तेही मूळचे चित्रकार. बाहेरच्या भिंतींवर नंदबाबूंनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं उठावाचीं चित्रें घडविलीं. म्हणजे चित्र आणि भिंत एकाच मातीचीं. एक दुसऱ्यावर चिकटविलेलें नव्हे.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांतही हेंच दिसतें. १९३६ पासून तेथें ज्या कुट्या उभ्या राहिल्या त्या माती, बांबू, लांकूड व कौलें ह्यांच्या, स्थानिक मजुरांनीं बांधलेल्या. त्यांत मीराबेन ह्यांचा मोठा वांटा. बापूकुटीच्या भिंतींवर ताडाचीं झाडें आणि चरखा ह्यांच्या ज्या उठावाच्या आकृति आहेत त्या त्यांच्याच हातच्या. त्यांत दागिना मिरविल्याचा भाव नाहीं. लिंपतां लिंपतां बोटें थोडीं अधिक रेंगाळलीं, एवढेंच.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, हें सर्व रम्य आहे, पण अर्धेंच सत्य आहे. आक्षेप रास्त आहे, आणि तो टाळतां कामा नये. फैजपूरचें नगर कांहीं दिवसांचें होतें. त्याला पावसाळा काढावयाचा नव्हता. मातीच्या घराला दर सालीं डागडुजी लागते, वाळवी लागते, उंदीर पोंखरतात, आणि मुसळधार पावसांत गरिबाची भिंत रात्रीं अंगावर येते. आणि ती सुंदर, गुळगुळीत जमीन? ती आठवड्यास सारवली जाई ती घरांतील बायकांच्या गुडघ्यांच्या व कमरेच्या किंमतीनें. वारल्यांच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची आपण आज वाहवा करतों. पण आपल्या पांढरींतल्या सारवणाऱ्या आईला मात्र कलावंत म्हणण्याचें आपणांस कधीं सुचलें नाहीं, आणि तिचे श्रम हलके करण्याचेंही सुचलें नाहीं. तेव्हां तिची सून पक्की फरशी मागते, ह्यांत तिचें काय चुकलें? सरकारही १९८० नंतरच्या दशकांपासून घरकुलाच्या योजनांत कच्च्या घराच्या जागीं पक्कें घर देत आलें आहे. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेनें तर कच्च्या भिंती आणि कच्चें छप्पर हीच गरजेची खूण मानली. ज्याच्या घराला शासनच दारिद्र्याची खूण म्हणतें, त्यानें त्या घराचा अभिमान कसा धरावा?

माझ्या मतें ह्या आक्षेपाचें खरें उत्तर हें कीं, जेथें कलावंत बाहेर गेला तेथेंच माती दरिद्री झाली. जोंपर्यंत विचार करणारा हात मातींत होता, तोंपर्यंत तिच्यांत सुधारणा होत गेली : पायाला दगड, भिंतीला छपराची रुंद वळचण, सांध्यांना चुना. तो हात काढून घेतल्यावर उरली ती केवळ नाइलाजाची माती. तो हात परत आला तर काय होतें ह्याचें एक उदाहरण आपल्या अगदीं जवळून गेलेलें आहे. दीदी कॉन्ट्रॅक्टर ह्या १९२९ मध्यें अमेरिकेंत जन्मलेल्या बाई. आईवडील दोघेही चित्रकार, आणि स्वतः कलेचें शिक्षण घेतलेल्या. एका गुजराती इंजिनियराशीं विवाह करून त्या हिंदुस्थानांत आल्या, नाशकास एकत्र कुटुंबांत नांदल्या, पुढें मुंबईस जुहूला राहिल्या. वास्तुशास्त्राची पदवी त्यांनीं घेतली नव्हती. पण उतारवयांत हिमाचलांतील कांगड्याच्या खोऱ्यांत त्यांनीं माती, बांबू, नदींतील गोटे व पाटीचा दगड ह्यांचीं घरें आणि संस्थांच्या इमारती बांधल्या. उजेड कोठून यावा हें त्या चित्रकाराच्या डोळ्यांनीं ठरवीत, आणि गांवच्या मिस्त्र्यांशीं बोलून भिंत घडवीत. २०१९ मध्यें त्यांना राष्ट्रपतींच्या हस्तें नारीशक्ति पुरस्कार मिळाला. २०२१ मध्यें त्या निवर्तल्या. हिमाचलाइतका पाऊस आणि थंडी सोसणारी माती जुन्नरच्या उन्हांत कां उभी राहूं नये?

जुन्नर तालुक्यास २०१८ मध्यें शासनानें पर्यटनाचा तालुका म्हणून जाहीर केलें. शहरांतील कुटुंबें आतां ह्या बाजूस सुटीला येतात, आणि मातीनें लिंपलेल्या खोलींत दोन रात्री राहून प्रसन्न होतात. गांवकरी पत्र्याखालीं तापत राहावा आणि मातीचा गारवा पाहुण्यानें विकत घ्यावा, हा व्यवहार मला बरा दिसत नाहीं. पण त्यांतही एक आशा आहे. ज्या वस्तूला पाहुणा मान देतो तिच्याकडे यजमान पुन्हां एकदां निरखून पाहतो.

शेवटीं पुन्हां लेण्यांकडे वळतों. कर्जतजवळ कोंडाणें येथें चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एक लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक ह्यानें हें केलें, एवढाच त्याचा अर्थ. राजाचें नांव नाहीं, दात्याचें नाहीं. डोंगर फोडून घर काढणाऱ्या त्या मनुष्यास जगाला सांगण्यासारख्या दोनच गोष्टी वाटल्या : आपलें नांव, आणि आपणांस कोणीं शिकविलें त्याचें नांव. मातीचीं घरें पडावयाचींच. तीं पडत आलीं आणि पुन्हां उभीं राहत आलीं, कारण कण्हामागून बलक येत होता.

राजुरीच्या त्या ओट्यावरून उठतांना मीं त्या वृद्ध गवंड्यांस विचारलें कीं, आपलें हें काम कोणास शिकविलें आहे काय? त्यांनीं ट्रॉलीकडे पाहिलें. पांढरीची माती भरून झाली होती. "शिकायला कुणी आलं तर शिकवीन कीं," ते म्हणाले, "हात अजून चालतात."